बेल्ट एक दात चुकला होता

ग्रुपवरच्या जुन्या गॅरेजवाल्यांनो, आज सकाळपासून मला माझीच लाज वाटतेय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजात कोळीवाड्यातल्या दामूकाकांची मासळीची डिझेल व्हॅन आलेली. मी टायमिंग बेल्ट बदलला, पण इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बेल्टच्या चाकांवरच्या खुणा जुळतात का ते परत तपासायचा कंटाळा केला. चालू केल्यावर गाडी पांढरा धूर ओकायला लागली. मी काकांना ठणकावून सांगितलं, "डिझेलमध्ये भेसळ आहे. कोणी भरलं?"

त्यांच्या धाकट्या भावाने भरलेलं.

काका गेल्यावर कव्हर उघडलं. बेल्ट बसवताना डिझेल पंपाची खूण एक दात मागे राहिली होती; धूर माझ्याच चुकीचा होता. गुपचूप जुळवली आणि संध्याकाळी "टाकी साफ केली" म्हणून चावी दिली.

आज काका टेंभी नाक्यावर भेटले. हातात पापलेटांची पिशवी दिली. म्हणाले, "मिस्त्री, तू सांगितलंस म्हनून कळलं. त्या दिसापासून भावाला गाडीला हात लावू दिला नाय. बाजूलाच राहतो, पन बोलनं नाय."

मी पिशवी घेतली.

दुपारी घरात सगळ्यांनी पापलेटं खाल्ली. मीसुद्धा खाल्ली.

कोळीवाडा इथून चालत दहा मिनिटांवर आहे. तुम्ही असता तर आधी कोणाच्या दारात गेला असता, काकांच्या की भावाच्या?