गव्हाशी उभा दावा

आख्ख्या सोलापुरात गव्हाशी असा उभा दावा मांडलेला माणूस माझ्या मोठ्या दिरांशिवाय दुसरा झाला नसेल, आणि या माणसाचं निम्मं आयुष्य गहू दळण्यात गेलं होतं.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांची पिठाची गिरणी होती. वर आम्ही राहायचो. एका बाजूला दीर आणि जाऊबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, आणि दुसऱ्या बाजूला मी, माझे यजमान आणि आमची शिवानी. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले चार दिवस मला दिरांचा खरा रंग माहीत नव्हता. भुवया, मिशी, कानावरचे केस, पापण्यासुद्धा पिठानं पांढऱ्या. पाचव्या दिवशी अमावास्या होती, गिरणी बंद. एक काळासावळा, काळ्याभोर मिशांचा गृहस्थ सरळ स्वयंपाकघरात येऊन पाट मांडून बसला, तेव्हा मी पदर सावरत अक्कांना विचारलं, "पाहुणे कुठले?" अक्का चुलीसमोर बसल्या बसल्या खोकला येईपर्यंत हसल्या होत्या. अक्कांना तसं हसताना मी नंतर फार वेळा पाहिलं नाही.

गिरणीच्या घरघरीत जन्म गेल्यामुळे दिरांना हळू बोलताच येत नसे. ते कानात कुजबुजले तरी गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं. एकदा एका मयताच्या घरी आम्ही भेटायला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले. दीर शेजारच्या माणसाच्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "म्हाताऱ्यानं लई तंगवलं की." गेलेल्याचा मुलगा समोरच होता. त्यानं वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "व्हय अण्णा, तीन वर्षं." मग मात्र दोघंही बराच वेळ एकमेकांचा हात धरून बसले. दिरांचं असं होतं. त्यांचं चुकायचं, पण माणूस तुटायचा नाही.

पीठ आणि धान्य यातलं त्यांना जे कळायचं ते कुणालाच कळत नसे. डब्यात हात घालून चार दाणे तळहातावर घोळवायचे आणि बाईला सांगायचे, "ही मंगळवेढ्याची ज्वारी न्हाय. फसवलं तुमाला." बाई म्हणायची, "दळा हो आता आणलीय तर." तर ते दळायचे, पण दळताना तोंड असं करायचे जणू त्यांनाच कुणी फसवलंय.

त्यांना एक मुलगी झाली होती, पारू. मी या घरात येण्याच्या बरीच वर्षं आधी, सातव्या वर्षी ती गेली. तिचा एकच फोटो त्यांच्या खोलीत होता. काड्यांसारखे पाय, फ्रॉकखाली फुगलेलं पोट आणि कॅमेऱ्याकडे पाहणारे मोठे डोळे. पोरीच्या अंगी काही लागत नव्हतं आणि शेवटी साध्या तापाचं निमित्त झालं, एवढंच मला सांगितलं गेलं होतं. दर वर्षी तिच्या तिथीला अक्का हुग्गी करायच्या. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, भरडलेला गहू, गूळ, खोबरं आणि वरून तुपाची धार. पारूला ती फार आवडायची. फोटोपुढं वाटी ठेवायची आणि दिवसभर दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, असा तो दिवस असायचा.

शिवानी झाली आणि दीर पुन्हा माणसात आले. आमच्यात थोरल्या चुलत्याला दोड्डप्पा म्हणतात. "दोड्डप्पा" एवढं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा चालू गिरणी टाकून ते जिना चढून आले होते. रोज संध्याकाळी ते तसेच पिठानं माखलेले वर यायचे आणि तिला मांडीवर घ्यायचे. येताना मूठभर कोमट कणीक आणायचे. मग ती मळून कणकेच्या चिमण्या व्हायच्या, त्या तव्यावर भाजल्या जायच्या आणि शिवानी त्या एकेक करून खायची.

ती चार वर्षांची झाली आणि वाढायची थांबली. सतत जुलाब, केस विरळ, चिडचिड. आम्ही जंताची औषधं दिली, दृष्ट काढली, टॉनिकच्या बाटल्या संपवल्या. जो तो म्हणे, खायला घाला. अक्का म्हणाल्या, "हुग्गी करून देते, अंग धरंल." एकदा शिवानी जिन्यात बसून राहिली, तिला वर चढवेना. दीर खालून येत होते. तिच्या फ्रॉकखालचं पोट पाहून ते दोन पायऱ्या खालीच थांबले. कठड्याला धरून उभे राहिले. मग मला म्हणाले, "मोठ्या डॉक्टरकडं न्यायचं. आत्ता. लोकांचं ऐकत बसायचं न्हाय."

यजमान कामावर होते, म्हणून माझ्याबरोबर दीरच आले. रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी सांगितलं, हिला गहू चालत नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, जव, सगळं आयुष्यभर बंद. औषध असं नाही, हेच औषध. ज्वारी चालेल, पण गव्हाच्या गिरणीत दळलेली नको. भुकटीनंसुद्धा त्रास होतो.

मी दिरांकडे पाहिलं. त्यांच्या शर्टाच्या शिवणीत, नखांत, कानांच्या पाळीमागं पीठ होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, यानं पोरगी मरती का हो?"

डॉक्टरांना आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं हे शिवानीविषयी विचारताहेत. ते धीर देत म्हणाले, "कळलंच नाही आणि गहू चालूच राहिला, तर मूल फार अशक्त होतं. मग साध्या तापानंही जाऊ शकतं. पण तुमच्या मुलीचं वेळेत कळलंय, काळजी करू नका."

दीर "बरं" म्हणाले. रिक्षात बसलो. मग म्हणाले, "अक्काला ह्यातलं काय सांगायचं न्हाय. शिवानीला गहू बंद, एवढंच सांगायचं." मी विचारलं, का. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं. "हुग्गीचा गहू मी भरडून द्यायचो. भरवायची ती. पोरगी तोंड फिरवायची तर मांडीत धरून भरवायची. शेवटच्या दिवसापतूर. माझं काय, मी झेपवीन. तिला न्हाय झेपायचं."

दुसऱ्या दिवशीपासून गिरणी बंद. त्यांनी गिरणीची दगडी पाळी उतरवली, जुने दगड टाकून नवे बसवले, पट्टे, चाळण्या, सुपं बदलली, भिंतींना दोनदा चुना दिला आणि दारावर खडूनं लिहिलं, "गहू दळून मिळणार नाही." यजमान म्हणाले, "अण्णा, एक बाजू तरी गव्हाला ठेवा की." ते म्हणाले, "हवेतनं उडतं रे." गिऱ्हाइकं चिडली. एक बाई डबा आपटत म्हणाली, "गिरणी हाय का देऊळ? सोवळं पाळताय व्हय?" दीर म्हणाले, "व्हय." एकदा दुसऱ्या एका बाईच्या ज्वारीत गव्हाचे दाणे दिसले, तर चष्मा लावून, परातीत पसरून, आख्खी दुपार ते ती ज्वारी निवडत बसले. संध्याकाळी त्या बाईला ज्वारी परत दिली, न दळता, आणि सोबत कागदाची एक पुडी. "हे तुमचे गहू," म्हणाले, "अकरा हाईत, मोजून घ्या."

घरात तर त्यांनी पोलिसी राज्य सुरू केलं. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं हे कुठून तरी कळल्यावर त्यांनी डबी चिमट्यानं उचलून बाहेर टाकली. सत्यनारायणाच्या शिऱ्याचं ताट दारातूनच परत जाऊ लागलं. "देवाला कळतंय, मानसालाच कळंना," असं ते भटजींच्या तोंडावर म्हणाले. मोडनिंबला एका लग्नात ते शिवानीसाठी घरचा तवा, घरचं पीठ आणि घरचं तेल घेऊन आचाऱ्याच्या कढईपाशी जाऊन उभे राहिले. भज्यांच्या बेसनात काय मिसळलंय, झारा कशाकशात घातलाय, पुऱ्या याच तेलात तळल्या का, असं त्यांनी इतकं विचारलं की आचारी म्हणाला, "तुमी सायेब हाय का कोण?"

"न्हाय," दीर म्हणाले, "चुलता हाय."

शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाता आला नाही म्हणून शिवानी रडत घरी आली, आणि साठीला आलेल्या या माणसानं केक करायचं मनावर घेतलं. भट्टीवाल्याकडं गव्हाचं पीठ उडतं, म्हणून भट्टीही घरचीच, म्हणजे जुना कुकर, शिट्टी काढलेला, तळाला वाळू. पहिला केक नुसत्या ज्वारीचा. सुरी वाकली, मग तो बत्त्यानं फोडला. शिवानी तुकडा तोंडात धरून म्हणाली, "दोड्डप्पा, हा चोखायचा का?" दुसरा वर फुगला आणि झाकण काढताच विहिरीसारखा खचला. ज्वारीला चिकटपणा नाही, तो आणायचा कुठून, यावर ते दिवसेंदिवस विचार करत बसायचे. तांदूळ घालून पाहिला, साबुदाण्याचं पीठ घातलं. शेवटी पोट साफ होण्याचं म्हणून घरात आणलेलं इसबगोल दह्यात भिजवून घातलं, आणि तेव्हा कुठं पिठानं एकमेकाला धरलं. केक जमला त्या दिवशी त्यांनी तो गल्लीतल्या सगळ्या पोरांना वाटला. स्वतः मात्र तोंडात घातला नाही. होळीला ज्वारीच्या पारीची पुरणपोळी ते तव्यावर हातानं थापायचे, ती उलटताना हमखास फाटायची, आणि ते फाटक्या पोळ्या स्वतःच्या ताटात घ्यायचे. शिवानी वर्षभरात चार बोटं वाढली. दाराच्या चौकटीवर ते पेन्सिलीनं खूण करायचे आणि त्या खुणेकडं बघत उभे राहायचे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा नुसता आनंद नसायचा.

त्या वर्षी पारूची तिथी आली. अक्कांनी गहू मागितला. दीर म्हणाले, घरात गहू येणार नाही.

"येगळ्या पातेल्यात करते. शिवानीला हात लावू देत न्हाय."

"न्हाय म्हनलं न्हवं."

अक्कांचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या लेकीसाटी माझ्या लेकीचा घास तोडला तुमी."

मी दारात होते. मला वाटलं आता तरी दीर बोलतील. एक वाक्य बोलले असते तर त्यांची सुटका झाली असती. ते खाली गेले, ज्वारी कांडून, भरडून, गूळ घालून स्वतः शिजवत बसले आणि ती ज्वारीची हुग्गी फोटोपुढं ठेवली. अक्कांनी ती वाटी उचलून खिडकीत ठेवली, चिमण्यांसाठी. त्यानंतर कित्येक महिने अक्का त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी दिरांनी पुन्हा तीच केली. अक्कांनी पुन्हा खिडकीत ठेवली. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, बायकोच्या दुःखाची किंमत नाही. हे मी ऐकून घ्यायची. एकदा न राहवून मी दिरांना म्हणाले, "मी सांगू का अक्कांना?" ते ज्वारी चाळत होते. म्हणाले, "माझ्यावर चिडलीय न्हवं? चिडू दे. स्वतःवर चिडली तर कुटं जाईल ती?"

इतक्या वर्षांचं पीठ दिरांच्या छातीत बसलं होतं. खोकला वाढत गेला, मग दम, मग ते जिना चढेनात. गिरणीतच खाट टाकली. अक्का दोन्ही वेळा ताट घेऊन खाली जायच्या, भाकरी दुधात कुस्करून त्यांना भरवायच्या, तोंड पुसायच्या. बोलणं तेव्हाही फारसं नव्हतं. एकदा मी पाणी द्यायला गेले तर दोघं नुसते बसले होते आणि अक्कांचा हात त्यांच्या पाठीवर होता. पावसाळा संपता संपता ते गेले.

तेरावा झाल्यावर अक्कांनी मला जवळ बसवलं. "तू त्यांच्यासंगं गेलतीस," त्या म्हणाल्या. "शिवानीच्या डॉक्टरला त्यांनी पारूचं इचारलं व्हतं का गं?"

 दिरांनी मला शपथ घातली नव्हती, पण ते रिक्षातलं बोलणं शपथेपेक्षा कमी नव्हतं. मी म्हणाले, "नाही अक्का. पारूचं नाव निघालं नाही." हे खरंही होतं. अक्कांनी माझा चेहरा निरखून पाहिला, मग "बरं" म्हणून उठल्या.

पुढं तिथी आली. आता अडवणारं कुणी नव्हतं. शिवानी मोठी झाली होती, स्वतःचं पथ्य स्वतः सांभाळत होती. मी म्हणाले, "अक्का, थोडा गहू आणू का? बाहेर अंगणात शिजवू, भांडं वेगळं ठेवू."

अक्का सुपात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मान हलवली. सकाळपासून त्या एकट्याच चुलीपाशी होत्या, कुणाला हात लावू देत नव्हत्या. हुग्गी झाल्यावर त्यांनी दोन वाट्या भरल्या, दोन्हींवर तूप सोडलं आणि दोन फोटोंपुढं ठेवल्या.

"असू दे ज्वारीचीच," त्या म्हणाल्या. "तितं बी त्यांनी तिला दुसरं काय खाऊ दिलं नसंल."

मग खिडकीशी न जाता त्या तिथंच फोटोंपुढं बसून राहिल्या, वाट्या निवेपर्यंत.