हुर्रेकाकांची लपायची जागा

पोरांना खेळवणं म्हणजे काय, चार टाळ्या पिटल्या की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या ताब्यात एकदा वाढदिवसाची सगळी फौज द्यावी. बघता बघता नाकी नऊ येतील, आणि मग हेच शहाणे हुर्रेकाकांचा फोन नंबर विचारत फिरतील.

काकांचं आयुष्य गेलं खोक्यांच्या कारखान्यात, पुठ्ठे कापण्यात. वाढदिवसाला खेळ घ्यायचे हा उद्योग खरा त्यांच्या बायकोचा. काका नुसते हरकामे. फुगे फुगव, खुर्च्या मांड, पिशव्या उचल. ती गेली, आणि तिनं कबूल केलेला एक वाढदिवस काकांच्या अंगावर येऊन पडला. एका चिमुरडीचा, पहिलाच. नाही तरी कसं म्हणणार? गेले बिचारे, शिट्टी फुंकली, पुढं काय करायचं ते सुचेना म्हणून "हुर्रे!" असं ओरडले, आणि पाहुण्या पोरांनी तिथल्या तिथं त्यांचं बारसं करून टाकलं.

पुढे मात्र गडी तयार झाला. संगीत खुर्चीत गाणं थांबवताना काका भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, म्हणजे 'तुम्ही मुद्दाम केलंत' म्हणायची कुणाची टाप नाही. बाद झालेल्या पोराला कोपऱ्यात बसू देत नाहीत. एकाला पंच करतात, एकीला पुढचं गाणं निवडायला सांगतात. हरलेलं पोर जिंकलेल्याहून जास्त मिजाशीत फिरतं. पार्सलचा खेळ घरूनच बांधून आणतात. कागदावर कागद, आणि दर कागदाआड एक चिठ्ठी. चिठ्ठीतली करामत आधी स्वतः करून बघतात. म्हणजे रिकाम्या घरात, आरशासमोर, हा एवढा बाप्या एका पायावर उभा राहून कोंबड्यासारखा आरवतो! हसू येतं ना? त्यांनाही येतं. पण हसलं की शेजारी बघायची जुनी खोड अजून गेलेली नाही, आणि शेजारी कुणी नसतं. मग ते पुढचा कागद गुंडाळायला घेतात.

शेवटचा खेळ ठरलेला. काका लपणार आणि सगळी पोरं त्यांना शोधणार. तेवढ्या वेळात आई-बाबांना केक मांडून मेणबत्त्या लावता येतात. सापडल्याशिवाय बाहेर यायचं नाही, हा काकांचा स्वतःचा नियम. इतर घरी ते सापडले की पोरं केककडे धूम ठोकतात आणि काका सामान आवरायला लागतात. त्या चिमुरडीच्या घरी तसं नसे. ती चालायला लागली त्या वर्षापासून स्वतः शोधायची, आणि हात धरून त्यांना फरफटत टेबलापाशी न्यायची. "माझे काका इथं उभे राहणार!" असा हुकूम सुटायचा. काका तिला बाईसाहेब म्हणत. वर्षभरात काकांचा हात तेवढा एकदाच कुणीतरी धरायचं.

यंदा बाईसाहेबांच्या आईचा फोन आला तो वेगळाच.

"काका, हे शेवटचं वर्ष हं. पुढच्या वर्षी मैत्रिणी-मैत्रिणी बाहेर कुठंतरी जायचं म्हणतायत. मोठी झाली ना आता!"

"हो हो, व्हायचंच की, ताई," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. शेवटचं एकदा तिनं शोधून काढावं, टेबलापाशी न्यावं, बाकी आपल्याला काही नको, असं ते रिकाम्या खोलीत चक्क मोठ्यानं बोलले.

वाढदिवशी खेळ झाले. मुली खेळल्या, नाही असं नाही. पण एकमेकींना कोपर मारत, ओठ दाबून हसत. चिठ्ठीतलं बेडकाचं नाटक बाईसाहेबांच्या वाट्याला आलं, तेव्हा "मी नाही बाई!" म्हणून तिनं पार्सल पुढं ढकललं. काकांना ते लागलं. तरी शिट्टी फुंकून ते ओरडले, "चला, आता मला शोधा!"

आतल्या खोलीत, खिडकीच्या लांब पडद्यामागं ते जाऊन उभे राहिले. दुसऱ्यांच्या घरी काका असे गडप होतात की पोरं रडकुंडीला येतात. इथं मात्र दरवर्षीचीच जागा. शिवाय लाल पट्ट्यांचा मोजा चांगला दिसावा म्हणून एक पाय पडद्याखालून बाहेर सरकवलेला. तुम्ही म्हणाल, ही कसली लपाछपी? अहो, लपायचं होतं कुणाला!

बाहेर बराच वेळ नुसता हसण्याखिदळण्याचा आवाज. मग पावलं आली. दोघीजणी होत्या. काकांनी श्वास रोखला आणि हात थोडा पुढं करून ठेवला.

"अगं, तो बघ मोजा!" मैत्रीण कुजबुजली.

"माहितीये," बाईसाहेब म्हणाल्या. "दरवर्षी तिथंच असतात ते. चल, केक कापायचाय."

"मग त्यांना बाहेर नको का काढायला?"

"असू दे गं. ते लिंबूटिंबू आहेत. नाही शोधलं तरी चालतं."

आवाजात रागबिग काही नव्हता, लबाडी तर मुळीच नव्हती. पावलं निघून गेली. रागवायचं तरी कुणावर? पोर वाढते आहे, एवढाच काय तो तिचा गुन्हा. बाहेर खुर्च्या सरकल्या, कुणीतरी दिवे मालवले, आणि सगळ्यांनी मिळून वाढदिवसाचं गाणं सुरू केलं.

काकांनी पाय हळूच आत ओढून घेतला.