पप्पांची प्रार्थना

पांढऱ्या रश्श्याचा वास आला की माझी मान आपोआप खाली जाते. भक्तीनं नव्हे, लाजेनं.

पाचवीत असताना मी प्रगतिपुस्तकावर पप्पांची खोटी सही केली होती. "खरं सांग, मी वरडणार न्हाय," पप्पा म्हणाले, म्हणून सांगितलं. ते खरंच ओरडले नाहीत. रविवारी शाहूपुरीतल्या आमच्या घरी चर्चचे पाळकसाहेब जेवायला आले, ताटं वाढली, आणि पप्पांनी डोळे मिटून खणखणीत आवाजात सुरुवात केली, "दयाळू बापा, आमच्या शीलानं खोटी सही केली, तिला क्षमा कर." रश्श्यावर चरबी थिजली तरी आमेन येईना. पाळकसाहेब मात्र गहिवरले. "लेकरांना वळण लावावं तर तुम्हीच!"

कसलं डोंबलाचं वळण! तेव्हा वाटलं, देव माझ्यावर चिडला असणार. आता कळतं, ती निव्वळ चहाडी होती, आणि देवाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

परवा आमच्याकडे पाहुणे जेवायला होते. तोच वास. मी डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, आमची रिया हल्ली उलट बोलते, तिला..."

"मम्मी," रिया म्हणाली, "देवाला म्हाईत हाय की. तू पावण्यांना सांगायलीस."