तिसऱ्या चौकोनात काय लिहू?

मंडळी, आज दुपारी कारखान्यात माझीच परीक्षा झाली.

आजऱ्यात माझा काजूचा कारखाना आहे. यंत्रं जोडण्यापासून सगळं माझं मीच शिकलो. बावन्नाव्या वर्षी कोल्हापुरात एमबीएला बसलोय, विषय बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट. प्रकल्प असा, की कारखान्यातलं एकेक काम एकेका चौकोनात लिहायचं. नवख्या माणसाला कागद बघून ते जमलं पाहिजे.

सतरापैकी सोळा चौकोन भरले. तिसरा अडला: बिया वाफवताना वाफ नेमकी कधी बंद करायची? ते वीस वर्षं वाफेवर काम करणाऱ्या शेवंताक्का ठरवतात, आणि येत्या सोमवारी त्या काम सोडून लेकीकडे राहायला निघाल्यात.

म्हणून आज स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभा राहिलो. चार घाणे निघाले, चारही वेळा मिनिटं वेगळी.

"अक्का, कळतं कसं?"

"वास फिरतोय की, मालक. वैनी काय घड्याळ लावून भात उतरवत्यात व्हय?"

कामावरच्या बाया खळखळून हसल्या, मीही हसलो. वाफ कमी पडली तर टरफल फुटत नाही, जास्त झाली तर गर काळवंडतो, हे मला पाठ आहे. पण तो फिरलेला वास काही मला येईना.

शेवटी म्हटलं, "अक्का, जाताना शिकवून तरी जा."

त्या वाफेकडं बघतच म्हणाल्या, "वीस वर्सं हितंच हुतासा की. आत्ता इचारतासा व्हय?"

चौकोन अजून रिकामा आहे. तुमच्याकडेही असं एखादं माणूस असेल. त्याला कधी विचारलंय का?