इस्त्रीवाल्या काकांचा आराखडा

इस्त्रीवाले काका नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी उभा जन्म इस्त्री केली, आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते तोंडावर सांगायचे, "कसंतरी हवं असेल तर दुसरीकडे जा." पँटवर चुकून दुहेरी घडी पडली, की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेणार, पुन्हा पाणी शिंपडणार, पुन्हा इस्त्री फिरवणार. बायको म्हणायची, "अहो, कोण बघतंय?" यांचं उत्तर ठरलेलं, "मी बघतोय ना."

ती बायको गेली आणि मागोमाग काकांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डोक्यात सगळं जागच्या जागी, शिव्यासुद्धा, पण तोंडातून नुसता आवाज निघायचा. मुलाची नोकरी फिरतीची, घरात दुसरं माणूस नाही. त्यानं जड मनानं वडिलांना म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेत आणून ठेवलं.

संस्थेत एक ताई होती. इथल्या प्रत्येकाला काय हवं ते विचारून त्याचा दिवस आखायचा, हे तिचं काम. आंघोळ सकाळी की संध्याकाळी, खिडकी उघडी की बंद, इतकं विचारायची की म्हाताऱ्यांनी तिचं नाव प्रश्नताई पाडलं होतं. काकांचा आराखडा ठरवायला बैठक बसली. मुलगा होता, व्यवस्थापक होते, आणि मधल्या खुर्चीत काका.

"काका, तुम्हाला काय करावंसं वाटतं?" ताईनं विचारलं.

काकांनी जीव एकवटून डावा हात टेबलावर पुढेमागे फिरवला.

"टेबल पुसायचंय वाटतं," व्यवस्थापक म्हणाले. आता बोला!

मुलाला मात्र लगेच कळलं. त्यानं तो हात आपल्या हातात धरला. "इस्त्री म्हणतायत. बाबा, सुटलात तुम्ही त्यातून. ताई, यांनी जन्मभर उभं राहून माझं शिक्षण केलंय. आता यांना फक्त आराम द्या." माया होती हो त्यात, कोण नाही म्हणतंय? पण बैठक संपेपर्यंत त्यानं हात काही सोडला नाही, आणि आराखड्यात आराम लिहिला गेला.

मग रोजचं एक होऊन बसलं. सकाळचा चहा झाला की काका काठी टेकत कपडे धुण्याच्या खोलीकडे निघायचे. तिथे लांब टेबल होतं, धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, इस्त्री होती. तिथली मावशी त्यांना दारातूनच वळवायची. "वाट चुकलात होय काका? चला, तुमची खोली इकडे." काकांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. चुकलेत कुठले? माणूस सरळ कामावर निघालाय!

ताईच्या हे लक्षात आलं. वाट चुकणारा माणूस रोज एकाच दारात कसा जाईल? काकांना इस्त्री करू द्या, असं सांगायला ती व्यवस्थापकांकडे गेली. ते म्हणाले, "आणि भाजलं तर?" शेवटी त्यांनीच तोडगा काढला. इस्त्री द्यायची, पण वायर काढून. म्हाताऱ्याला काय कळतंय!

काका टेबलाला कंबर टेकून उभे राहिले. इस्त्रीची मूठ धरली, आणि त्यांचं तोंड उतरलं. मनगटाला ऊबच लागेना. लहान पोराला खेळणं द्यावं तशी त्यांना इस्त्री दिली होती. त्यांनी ती ढकलून दिली. खालची फरशी फुटली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण गार इस्त्रीला तीही हो म्हणाली होती.

तिनं मुलाला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "द्या गरम. जबाबदारी माझी." पुढच्या रविवारी तो स्वतः आला आणि आपला पांढरा शर्ट घेऊन आला.

या वेळी इस्त्री तापलेली होती. काकांनी पाण्याचा हबका मारला, वाफ उठली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. त्यांनी कॉलर घेतली. पण कापड ताणून धरायचं काम उजव्या हाताचं, आणि तो तर बाजूला लोंबत होता. कापड गोळा झालं. एक चुणी पडली. ती काढायला गेले तर शेजारी दुसरी. त्या नादात इस्त्री कॉलरवरच थांबली, आणि करपल्याचा वास आला.

"छान झालाय की काका!" मावशी म्हणाली.

मुलानं तो शर्ट अंगात घातलासुद्धा. "एक नंबर, बाबा. तुमच्यासारखी इस्त्री कोणाची नाही." त्याचे डोळे भरले होते. काकांनी त्या तपकिरी डागाकडे बघितलं, इस्त्री उभी करून ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मुलगा गाडीची वेळ झाली म्हणून गेला. तोच शर्ट घालून गेला.

संध्याकाळी ताई काकांच्या खोलीत आली. काका पलंगावर बसले होते. आता हीदेखील गोड बोलणार, असं त्यांनी मनात धरलं आणि मान फिरवली.

"काका," ती म्हणाली, "शर्ट वाईट झाला. कॉलर जळली. वर चुण्या राहिल्या. तुमच्या दुकानातून असा शर्ट तुम्ही जाऊ दिला नसता."

काकांनी चमकून तिच्याकडे बघितलं. झटका आल्यापासून जो तो त्यांचं कौतुकच करत होता. घास गिळला तरी शाबास, पाऊल टाकलं तरी शाबास. इस्त्रीवाला समजून त्यांच्याशी आज पहिल्यांदा कोणी बोललं होतं. त्यांनी हळूच मान हलवली. हो. वाईट झाला.

"पुन्हा करायचंय?" तिनं विचारलं.

काकांनी लुळा उजवा हात डाव्यानं उचलला, तिला नीट दिसेल असा मांडीवर ठेवला, आणि मान आडवी हलवली. मग ते रडायला लागले, मोठ्यानं, लाज सोडून. ताईनं त्यांना रडू नका म्हटलं नाही. खुर्ची ओढून ती शेजारी बसली, आणि त्यांचं रडून होईपर्यंत तिनं एकही प्रश्न विचारला नाही.