गोधड्या गच्चीवरच वाळणार

मंडळी, आज दुपारी पनवेलच्या आमच्या सोसायटीत माझं भांडण झालं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या गोधड्यांना ओल धरते. तशाच थंडीत पांघरल्या की आईला खोकला लागतो. गेल्या थंडीत अर्ध्या रात्री तिने खोकत बसूनच काढल्या. म्हणून यंदा उसवलेले टाके मी स्वतः घातले (कुणी शिकवलं नाही, बघून शिकलो) आणि सकाळीच सगळ्या गोधड्या गच्चीवर पसरल्या.

दुपारी उलटायला गेलो, तर सेक्रेटरी त्या गुंडाळून जिन्यात टाकत होते.

"अहो म्हात्रे, गच्चीवर वाळत घालायचं नाही, मीटिंगमध्ये ठरलंय. बिल्डिंगची शोभा जाते."

"एक बाजू अजून गार आहे. हात लावून बघा."

"मग बाल्कनीत घाला ना!"

"बाल्कनी उत्तरेला आहे. तिकडे ऊन तुम्ही पाठवता का?"

सेक्रेटरींसोबत वर आलेला वॉचमन हसला. सेक्रेटरी "नोटीस काढतो" म्हणत खाली गेले.

मी गोधड्या पुन्हा पसरल्या, गार बाजू वर करून, आणि तिथेच राखण करत बसलो. ऊन उतरायच्या आत उचलल्या, कारण दव पडलं की सगळी मेहनत वाया. आईने गोधडी नाकाला लावली आणि म्हणाली, "गेला रे कुबट वास."

उद्या गाद्या वर नेणार आहे. नोटीस खुशाल लावा, आईचा खोकला नोटीस वाचत नाही.

तुमच्या बिल्डिंगमध्ये गच्ची नक्की कशासाठी ठेवलीय हो?