काचेवरची दुसरी ओळ

खंदारे बाई गेल्याचं मला कळलं तेव्हा त्यांच्याच गोळ्या माझ्या हातात होत्या. महिन्याची पहिली तारीख होती. रक्तदाबाच्या तीस गोळ्या कागदी पिशवीत घालून, वर त्यांचं नाव टाकून मी घड्याळाकडे बघत होतो, कारण पहिल्या तारखेला सव्वादहा वाजता बाई माझ्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या असायच्याच. उन्हात, पावसात, गाव बंद असलं तरी. त्या दिवशी बाईंऐवजी फोन आला. पूर्णेहून चार दिवस राहायला आलेली त्यांची भाची वंदना बोलत होती. "काका, मावशी सकाळी उठलीच न्हाई... मी चहा ठिवला, हाका मारल्या..." मी पिशवीतल्या पट्ट्या काढून परत खणात ठेवल्या, मग पुन्हा पिशवीत घातल्या. असं दोनदा केलं. चाळीस वर्षं या धंद्यात आहे, माणूस गेल्याची बातमी आमच्याकडे लवकर येते. पण इतका गांगरून मी कधी गेलो नव्हतो.

आठवड्यानं वंदना दुकानात आली ती झाकणाची टोपली घेऊन. टोपलीत गार्ड. गार्ड म्हणजे बाईंचा पिवळा बोका. बाईंचे वडील पूर्णेला रेल्वेत गार्ड होते, आणि हा बोकाही घरातून कुणी निघालं की दारात बसून ते माणूस वळणावर दिसेनासं होईपर्यंत जागचा हलायचा नाही, म्हणून ते नाव. "मावशीनं सांगून ठिवलं होतं, माझं काही झालं तर गार्ड दिगंबर काकांकडंच द्यायचा," वंदना म्हणाली. मी टोपली घरी नेली तेव्हा बायकोनं विचारलं, "तुमच्याकडं?" तिचं बरोबर होतं. आमच्या अख्ख्या कॉलनीत बाईंचं मांजर ज्याच्या हातून मेलं असा माणूस एकच, आणि तो मी.

लपवण्यात अर्थ नाही. लपवलेलं बाईंना खपायचं नाही. सोनपेठ तालुक्यातल्या शाळांवर विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि परभणीत आमच्या मागच्या गल्लीत घर बांधून राहिल्या. एकट्याच, पण घरात मांजर नाही असा दिवस त्यांनी काढला नाही. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचून, त्यावर मला प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. सुरुवातीला मला ते झोंबायचं. "दिगंबरराव, अंग तापलंय, काय घिऊ?" असं विचारत खेड्यापाड्यातली माणसं माझ्याकडे येतात, मी देतो, त्यांना बरं वाटतं. अर्धा डॉक्टर म्हणून मिळणाऱ्या या मानाला मी सोकावलो होतो, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

तेव्हा बाईंकडे बुंदी नावाची ठिपक्यांची मांजर होती. एका सकाळी बाई तिला कडेवर घेऊन दुकानात आल्या. "अंग तापलंय हिचं. दोन दिस झाले, खाईना झालीय." मी विचारसुद्धा केला नाही. तापाची गोळी काढली, अर्धी मोडली, अर्ध्याचीही अर्धी केली, दुधात कालवली आणि माझ्या हातानं तिला पाजली. पाव गोळीनं काय होतंय, लेकरांना देतो की आपण! दुपारी बुंदीचं तोंड सुजलं, हिरड्या काळपट पडल्या, पोट भात्यासारखं वरखाली व्हायला लागलं. जो दवाखाना सगळ्यात जवळ होता तिथं आम्ही रिक्षा घातली. तिथल्या डॉक्टरनं तिचं वजन केलं नाही, काही विचारलं नाही, एक इंजेक्शन देऊन घरी न्यायला सांगितलं. आणि मीही काही सांगितलं नाही. पाव गोळीचं काय सांगायचं, असं वाटलं. दिवस मावळायच्या आत बुंदी गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानातलं जाडजूड पुस्तक मी शोधून काढलं. माणसांची तापाची ती गोळी मांजराला विष असते. पावसुद्धा. वेळेत कळलं तर इलाज आहे, असंही पुढे लिहिलं होतं... वेळेत कळलं तर. मी पुस्तक मिटलं आणि कुणाला अवाक्षर बोललो नाही.

आठ दिवसांनी बाई दुकानात येऊन म्हणाल्या, "दिगंबरराव, आपली चूक कुटं झाली सांगू?" मी समोरच्या गोळ्या उगाच मोजायला लागलो. "आपण दवाखाना निवडलाच न्हाई. जवळ होता म्हणून पळालो. जनावर आजारी पडल्यावर माणूस निवडत नस्तो, पळत अस्तो. निवडायचा तर जनावर धडधाकट असताना निवडायचा." त्यांच्या पिशवीतून एक पिवळं पिल्लू डोकं बाहेर काढून बघत होतं. हाच गार्ड. मोठ्या दवाखान्याची सोय परभणीत होतीच, पण बाईंना रिक्षानं दहा मिनिटांत गाठता येईल असा, रोजच्या दुखण्याखुपण्याचा दवाखाना हवा होता. "तुमी चला संगं, तुमाला औषधातलं कळतं," त्या म्हणाल्या. एवढं लागलेलं वाक्य मी कुणाकडून ऐकलेलं नाही, आणि त्यांनी ते अगदी सरळ मनानं म्हटलं होतं.

बाईंची रीत अशी, की पहिल्यांदा रिकाम्या हातानं जायचं. जनावर घरी. आपण बाकावर तासभर बसायचं आणि दुसऱ्यांची जनावरं बघायची. पहिल्याच ठिकाणी, काचेचं दार, आत थंडगार हवा, नोंद करणाऱ्या मुलीनं विचारलं, "पेशंट कुठंय?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हे काय. पण आज नुसतं बघायला आलेत." ती मुलगी मला तासभर चोरून न्याहाळत होती. बाई कानाशी पुटपुटत होत्या, "मालक काय बोलायलाय त्ये सोडा, कुत्रं काय करायलंय त्ये बघा. भ्यालेल्या कुत्र्याला डॉक्टर किती दम देतोय, बघा." मला कुत्र्यातलं काही कळेना, पण फ्रिज उघडला तेव्हा लसीच्या बाटल्यांशेजारी दह्याचा डबा दिसला, आणि ते मी बाईंना सांगितलं. बाई उठून त्या मुलीकडे गेल्या. "लाईट गेल्यावर लसीचं काय करता, बाळा?" ती म्हणाली, "येते की लगेच." परभणीच्या मे महिन्यात लगेच येणारी लाईट! बाईंनी चपला घातल्या.

मग पेडगावच्या रस्त्याला गाईम्हशींचे एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेलो. बाईंनी मांजराचं नाव काढताच ते हसले. "बाई, म्हैस सांगा, बैल सांगा, रात म्हणणार न्हाई का दिवस म्हणणार न्हाई. मांजर मला जमत न्हाई." मला वाटलं, फेरी वाया गेली. बाई मात्र खुशीत. "ज्याला 'जमत न्हाई' म्हणता येतं, त्याचा सल्ला डोळे झाकून घ्यायचा," त्या म्हणाल्या, आणि मांजराचं कुणाला जमतं हे त्यांनाच विचारून घेतलं.

त्यांनी सांगितलेली डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होती. शिंप्याच्या दुकानामागे दोन खोल्या, बाहेर एक बाक, वजनकाटा दारातच. आम्ही बसलो तोच एक बाई पदराखाली मांजर झाकून आली. डॉक्टरनं मांजराला हात लावायच्या आधी विचारलं, "घरी काय काय दिलं? खरं सांगा, मी रागावणार नाही." ती बाई आधी नाही म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तापाची पाव गोळी... मेडिकलवाल्यानं दिली व्हती." डॉक्टर ताडकन उठली. हात भराभर चालवत ती बोलत होती. हे मांजराला विष असतं, तुम्ही सांगितलं म्हणून बरं झालं, अजून वेळ आहे. ते मांजर वाचलं. इलाज वेळेत सुरू झालेला आम्ही आमच्या डोळ्यांनी बघितला.

बाकावर बाई माझ्या शेजारीच होत्या. त्या विज्ञानाच्या शिक्षिका, दोन अधिक दोन त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण त्यांनी माझ्याकडे वळायच्या आधी मीच बोललो. "बाई, बुंदीला मी तेच पाजलं होतं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. तीन महिने झाले." त्या बाकावरून उठल्या. "दुसऱ्या दिवशी," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्या रिक्षात बसल्या नाहीत. उन्हात पायी घरी गेल्या, आणि वीस पावलं मागे मी.

पुढच्या पहिल्या तारखेला बाई आल्या नाहीत. गोळ्या दुसरीकडून घेतल्या असणार. घरी जायची माझी हिंमत झाली नाही. त्याच्या पुढच्या पहिल्या तारखेला, सव्वादहाला, त्या पायरीवर उभ्या होत्या, हातात पांढरा पुठ्ठा. काळ्या शाईनं, फळ्यावरच्या त्यांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी. पहिली: 'माणसांची कोणतीही गोळी मांजराला, कुत्र्याला देऊ नये.' दुसरी: 'याबाबत या दुकानदाराला विचारू नये.' त्या म्हणाल्या, "लावा." मी काचेला बाहेरून, रस्त्याकडे तोंड करून, लावला. मग त्यांनी गोळ्या मागितल्या, चिठ्ठी वाचली, एक प्रश्न विचारला आणि गेल्या. झालं. त्यानंतर बुंदीचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

आता माझी लबाडी सांगतो. दुसऱ्याच दिवशी मी काचेबाहेरच्या फळीवर ग्लुकोजचे पुडे असे रचले की पुठ्ठ्याची खालची ओळ झाकली जावी. पहिली ओळ राहू दिली, ती लोकांच्या भल्याची होती. दुसरी माझ्या अब्रूची होती. पुडे विकले गेले की नवे रचायचे. नऊ वर्षं हे चाललं. बाई दर पहिल्या तारखेला त्या काचेसमोर उभ्या राहायच्या, पुड्यांकडे बघायच्या, आणि गोळ्या मागायच्या.

त्या तरुण डॉक्टरनं नऊ वर्षं गार्डला सांभाळलं, आणि बाई जायच्या दोन महिने आधी ती दुसऱ्या गावी निघून गेली. म्हणजे गार्ड माझ्याकडे आला तो दवाखान्याविना. ठणठणीत होता, म्हणून मी लगेच कामाला लागलो. टोपली घरी ठेवली आणि निघालो. पहिल्या ठिकाणी पाऊण तास बसून उठलो, घरी काय दिलं हे तिथं कुणालाच विचारलं गेलं नाही. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर तिरसट होता, पण काट्यावर चढवल्याशिवाय एकाही जनावराला सुई लावत नव्हता, आणि लसीसाठी बर्फाची पेटी भरून ठेवलेली होती. "पेशंट कुठंय?" त्यानं मला विचारलं. "घरी. धडधाकट आहे. मी बघायला आलोय," मी म्हणालो, आणि त्यानं न विचारताच बुंदीची सगळी हकीकत सांगून टाकली. त्यानं मान हलवली आणि कोऱ्या कार्डावर नाव लिहिलं, गार्ड. दवाखाना ठरला. याबाबतीत आता मला कुणी शिकवायची गरज नाही.

परवा पूर्णेला परत जाताना वंदना दुकानात आली. मनात सलत होतं ते मी तिला विचारून टाकलं. सगळं सोडून मावशीनं गार्ड माझ्याकडे का दिला? ती म्हणाली, "मीबी इचारलं होतं. तर मावशी म्हणली, त्येंच्या हातून एकदा चूक झालीय, आन ती त्येंनी सोताच्या तोंडानं सांगितलीय. आता त्ये इचारल्याबिगर एक थेंब पाजणार न्हाईत. बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई."

ती गेल्यावर मी ग्लुकोजचे पुडे बाजूला केले. नऊ वर्षांच्या उन्हानं वरची ओळ इतकी पुसट झाली होती की वाचायला भिंग धरावं लागेल. खालची, मी झाकून ठेवलेली, काल लिहिल्यासारखी काळीभोर. मी शाई आणली आणि वरची ओळ गिरवली. बाईंच्या 'म'चा गोल, 'ज'ची शेपटी, शाळेतल्या पोरासारखं, जीभ दातात धरून. दुसरीला हात लावावा लागला नाही.

तेवढ्यात एक शेतकरी पिशवीत मांजर घेऊन पायरीवर आला आणि मोठ्यानं वाचायला लागला. "या दुकानदाराला इचारू नये... कोन्या दुकानदाराला हो?"

"मला," मी म्हणालो, आणि त्याला दवाखान्याचा पत्ता नीट समजावून सांगितला. तो निघाला. हल्ली माझ्याबरोबर दुकानात येणारा गार्ड पायरीवर येऊन बसला आणि तो माणूस वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिथून हलला नाही.